गरोदरपणातला विषाणूसंसर्ग आणि वार : बाळ पोटात गेल्यावर वार तपासायला का पाठवत नाहीत?

रानजाई
माझ्या धाकट्या जावेचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. त्याआधी तिला ताप, अंगदुखी, घसा धरणं असं सगळं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, बरं होईल. झालंही. मग काही दिवसांनी बाळाची हालचाल कमी वाटायला लागली, आणि सोनोग्राफीत ठोके सापडले नाहीत. बाळाला बाहेरून काही व्यंग नव्हतं, वाढही आठवड्यांप्रमाणे होती. 'कधीकधी असं होतं, कारण सांगता येत नाही' एवढंच आम्हाला सांगितलं गेलं.

नंतर माझ्या वाचनात आलं की अशा वेळी वार (प्लासेंटा) तपासली तर बऱ्याचदा कारण सापडतं. दवाखान्यात विचारलं, तर वार तेव्हाच पिवळ्या पिशवीतून गेलेली. ती तपासता येते हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

विषाणू खरंच वारेपर्यंत पोचतो का, पोचला तर तिथे नेमकं काय बिघडतं, आणि आता वार हातात नसताना जावेसाठी काय करता येईल, हे मला समजून घ्यायचं आहे. माझं मत मात्र ठाम झालंय. बाळ गेलं असेल तर वार टाकण्याआधी घरच्यांना विचारलंच पाहिजे.

निळाई
फार वाईट वाटलं वाचून. जावेला कोणी 'पुढचं बघ' म्हणत असेल तर त्यांना जरा थांबवा. वाचतेय.

पॅराफिन
रानजाई, तुमच्या जावेला आधार द्या, बाकी सगळं त्यानंतर.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. वार तपासणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलोची असते. तिचे बारीक बारीक अंकुर आईच्या रक्तात बुडालेले असतात, पाण्यात सोडलेल्या मुळ्यांसारखे. सगळ्या अंकुरांचा पृष्ठभाग उलगडून पसरला तर दहा-बारा चौरस मीटर भरेल. प्राणवायू, साखर, आईची प्रतिपिंडं, सगळं या पृष्ठभागावरून बाळाकडे जातं. आईचं आणि बाळाचं रक्त मात्र एकमेकांत मिसळत नाही, कारण मध्ये अंकुरांवरचं आवरण असतं.

हे आवरण विलक्षण आहे. असंख्य पेशी एकमेकींत विलीन होऊन त्याचा एकसंध थर बनलेला असतो. पेशी-पेशींमध्ये सांधाच नाही, त्यामुळे तिथून घुसायला वाट नाही. शिवाय संसर्ग नसतानाही हा थर इंटरफेरॉन लॅम्डा नावाचं विषाणूरोधक प्रथिन स्रवत असतो. गरोदरपणात सर्दी-ताप कुणाला येत नाही? तरी बहुतेक बाळं सुखरूप जन्मतात, त्यात या थराचा मोठा वाटा आहे.

पण काही विषाणूंना वाट सापडते. सायटोमेगॅलो विषाणू, म्हणजे सीएमव्ही, गर्भाशयाच्या भिंतीत जिथे वार रुजलेली असते त्या बाजूने येतो. रुबेला अंकुरांमधल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब करतो. झिका अंकुरांच्या आतल्या भक्षक पेशींमध्ये वाढतो. पार्व्हो बी-१९ बाळाच्या तांबड्या पेशी तयार करणाऱ्या पेशींवर जातो. मग बाळाला तीव्र रक्तक्षय होतो, अंगात पाणी साठतं, आणि वारही सुजून जड होते.

प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या. सीएमव्हीत अंकुरांमध्ये प्लाझ्मा पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी) गोळा झालेल्या दिसतात, आणि नशीब असेल तर ज्यांना आम्ही 'घुबडाचे डोळे' म्हणतो त्या मोठ्या डागांच्या पेशीही. म्हणून वार हातात असली की आम्हाला काहीतरी सांगता येतं. ती पिशवीत गेली की आम्ही फक्त अंदाज करतो.

डब्लिनवासी
मी आयर्लंडमध्ये मॅटर्निटी वॉर्डात नर्स आहे. पॅराफिन यांनी कोविडचं लिहिलं नाही म्हणून ते मी लिहिते.

२०२१ च्या सुरुवातीला इथे अल्फा व्हेरियंटची लाट होती. तेव्हा काही बायकांची बाळं पोटात गेली. त्या स्वतः फारशा आजारी नव्हत्या, काहींना तर साधी सर्दी वाटली होती. वारा तपासल्यावर पॅथॉलॉजिस्टना सगळ्यांत एकच चित्र दिसलं. अंकुरांभोवती फायब्रिन (रक्त गोठताना बनणारं प्रथिन) साचून घट्ट झालेलं, अंकुरांवरचं आवरण मेलेलं, आणि मधल्या जागेत दाहपेशींची गर्दी. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की त्याला कोविड प्लासेंटायटिस म्हणतात.

पुढे १२ देशांतल्या डॉक्टरांनी मिळून अशा ६८ केसेस एकत्र केल्या. त्यात ६४ बाळं पोटात गेलेली आणि ४ जन्मानंतर लगेच. सरासरी ७७.७ टक्के वार निकामी झालेली होती. बाळाच्या शरीरात विषाणूने काही केलं असं बहुतेकांत दिसलं नाही. बाळ गेलं ते प्राणवायू न मिळाल्याने. आणि या सगळ्या आयांपैकी एकीचंही लसीकरण झालेलं नव्हतं.

हे सगळं कळलं ते फक्त वारा जपून ठेवल्या म्हणून. बाळ तर बाहेरून ठीकच दिसत होतं, अगदी रानजाईंनी लिहिलंय तसं.

रानजाई
डब्लिनवासी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बाळाला संसर्ग न होताही बाळ जाऊ शकतं, हे मला ठाऊकच नव्हतं. तिची कोविड टेस्ट कुणी केली नव्हती.

मधला_बाक
थोडं विरोधी मत मांडतो, राग मानू नका. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत एकेका लेबर रूममध्ये किती बाळंतपणं होतात ते बघा. प्रत्येक वार फॉर्मालिनमध्ये घालून पाठवायची म्हटली तर पॅथॉलॉजी विभाग कोसळेल. आणि खाजगीत पाठवली तर बिल पेशंटच्याच माथी. व्यवहाराचा विचार करायला हवा.

पॅराफिन
प्रत्येक वार पाठवा असं कुणीच म्हणत नाही, मधला_बाक. बाळ पोटात गेलं, बाळाची वाढ फार खुंटली, खूप आधी प्रसूती झाली, बाळाच्या अंगावर सूज होती, आईला बाळंतपणाच्या सुमारास ताप किंवा संसर्ग होता, अशाच वारा पाठवायच्या. एकूण बाळंतपणांत हे थोडे असतात. आणि बाळाच्या शवविच्छेदनाला बरेच आईवडील तयार होत नाहीत, ते मी समजू शकतो. वारेला मात्र क्वचितच कुणी नाही म्हणतं. फक्त विचारणारं कुणी हवं.

शेवंता
माझं मत वेगळं आहे. माझंही बाळ गेलंय. कारण शोधत बसल्याने बाळ परत येत नाही, उलट बाई स्वतःला दोष देत राहते. 'त्या दिवशी लग्नाला गेले नसते तर' हे मी वर्षभर म्हणत होते. रिपोर्टमध्ये 'संसर्ग' असं आलं असतं तर मी वेडीच झाले असते.

कोरांटी
शेवंताताई, तुमचं दुःख कळतंय. माझ्या बाबतीत मात्र उलट झालं. दुसऱ्यांदा बाळ गेलं तेव्हा माझ्या डॉक्टरीणबाईंनी हट्टाने वार पाठवली. मी दोन्ही वेळा 'तापामुळेच झालं' असं धरून बसले होते. रिपोर्टमध्ये विषाणूचा मागमूस नव्हता. अंकुरांभोवती प्रचंड फायब्रिन साचलं होतं, आणि हा प्रकार पुढच्या गरोदरपणात परत होऊ शकतो असं लिहिलं होतं. पुढच्या वेळी सुरुवातीपासून ॲस्पिरिन, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं आणि सारखी डॉप्लर सोनोग्राफी. लेक जरा लवकर काढावी लागली, पण आता बालवाडीत जाते आणि घरात कुणाचं ऐकत नाही.

रिपोर्ट आला तेव्हा सासूबाई आधी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, 'तुझं काही चुकलं नव्हतं बघ.' त्या एका वाक्यासाठी मी तो कागद जपून ठेवलाय.

शेवंता
कोरांटी, हे वाचून रडू आलं. माझ्याकडे तसा कागद नाही, म्हणूनच कदाचित अजून लग्नाचं ते म्हणणं सुटत नाही.

चिंचबन
मला पाचवा महिना आहे आणि गेल्या आठवड्यात ताप येऊन गेला. हा धागा वाचून रात्री झोप लागली नाही. काय करू?

पॅराफिन
चिंचबन, आधी शांत व्हा. वर लिहिलं तसं वार सामान्यपणे विषाणूला अडवते, बिघाड हा अपवाद. तुमच्या डॉक्टरांना ताप कधी आला, अंगावर पुरळ होतं का, सांधे दुखले का, आसपास कुणाला डेंगी, कोविड किंवा गोवर-रुबेला होता का, हे सगळं सांगा. ताप चढू देऊ नका. पॅरासिटामॉल ठरलेल्या डोसमध्ये गरोदरपणात चालतं. 'गोळी बाळाला लागेल' म्हणून तापात फणफणत राहणं चुकीचं आहे. आणि पुढच्या महिन्यांत हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट न बघता तेव्हाच जा. कोणी 'बाळ झोपलंय' म्हणालं तरी जा.

तिखटमीठ
आणि चिंचबनताई, गूगल बंद करा, आणि जमलं तर हा धागासुद्धा. बाळ झाल्यावर पेढे घेऊन परत या, तोवर आम्ही इथेच आहोत. :)

आठवीब
मी शाळेत शिकवते. रुबेलाचा विषय निघालाय म्हणून. १९४१ मध्ये सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली खूप बाळं एकदम यायला लागली. त्यांनी आयांकडे चौकशी केली तेव्हा बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाल्याचं निघालं. गरोदरपणातला विषाणू बाळाला व्यंग देऊ शकतो हे जगाने तिथून मान्य केलं. पुढे १९६४-६५ च्या साथीत अमेरिकेत सुमारे २०,००० बाळं जन्मजात रुबेलाची जन्मली. लस नंतर आली.

आपल्याकडे नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला मोहीम शाळांमधून झाली तेव्हा किती पालकांनी मुलांना त्या दिवशी घरी ठेवलं! 'साध्या पुरळाला लस कशाला?' म्हणायचे. वर्गातल्या त्या मुली आता वीस-बाविशीच्या होतायत, काहींची लग्नं ठरतायत. लस ज्यांनी तेव्हा चुकवली त्यांनी लग्नाआधी तरी घ्यावी, ही माझी कळकळीची विनंती. ती जिवंत विषाणूची लस आहे, गरोदर असताना घेता येत नाही, आणि घेतल्यावर किमान महिनाभर गर्भधारणा टाळायची असते. तेव्हा हा विचार आधीच करायचा.

भरतीओहोटी
सीएमव्ही कसा पसरतो हे कुणी सांगेल का? हे नाव आमच्या ओळखीतल्या एका बाळाच्या रिपोर्टमध्ये होतं. त्याला ऐकू येत नाही.

पॅराफिन
लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून, भरतीओहोटी. आपल्याकडे बहुतेक बायकांना लहानपणीच होऊन गेलेला असतो, पण तो शरीरात दबा धरून राहतो आणि परत उठू शकतो, किंवा नव्या प्रकारचा संसर्ग होऊ शकतो. जन्मजात बहिरेपणाच्या आनुवंशिक नसलेल्या कारणांत सीएमव्ही सगळ्यात वर आहे. बाळाची लाळ किंवा लघवी जन्मल्यापासून तीन आठवड्यांच्या आत तपासली तरच तो जन्मजात आहे हे नक्की सांगता येतं, नंतर नाही. घरात मोठं मूल असेल तर गरोदर बाईने त्याचे लंगोट बदलल्यावर हात साबणाने धुवावेत, त्याचा चमचा आपल्या तोंडात घालू नये, उष्टं खाऊ नये.

तिखटमीठ
म्हणजे पोराच्या वाटीत उरलेला वरणभात संपवायचा नाही? डॉक्टर, अर्ध्या महाराष्ट्रातल्या आयांचं रात्रीचं जेवण तुम्ही बंद केलंत. :) पण लहान बहिणीला कळवते, तिला मोठा तीन वर्षांचा आहे.

दगडूशेठजवळ
पुण्यातून लिहितोय. २०२४ च्या जूनमध्ये एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले आणि मग शहरभर गरोदर बायकांचे रक्ताचे नमुने एनआयव्हीकडे (राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे) जायला लागले. आमच्या सोसायटीत एक ताई सात महिन्यांच्या होत्या, त्यांचा नमुना पॉझिटिव्ह. ना ताप, ना पुरळ. सोसायटीने कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी ओतून दिलं, टाक्या झाकल्या, पण ते सगळं आधी करायला हवं होतं. त्यांचं बाळ आता ठीक आहे. महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला होता, तेव्हा आम्ही 'ते तिकडे गावात' म्हणून सोडून दिलं होतं.

गोठा_आणि_मी
पशुवैद्य आहे. विषयाला जरा वळसा घालतो. गावाकडे गाय गाभडली की वासरू आणि झार (म्हणजे जनावराची वार) उचलून उकिरड्यावर टाकतात किंवा कुत्री ओढून नेतात. झार अडकली तर घरातलीच बाई उघड्या हाताने काढते, कधीकधी ती स्वतः गरोदर असते. गायींत गर्भपाताचं मोठं कारण ब्रुसेल्ला. तो विषाणू नाही, जिवाणू आहे, पण राहतो वारेतच आणि माणसाला होतो. गरोदर बाईने गाभडलेल्या जनावराच्या झारीला हात लावू नये. झार खोल पुरावी, वर चुना टाकावा, आणि नमुना प्रयोगशाळेला द्यावा. आम्ही जनावरांच्या बाबतीत 'झार ठेवा, बघतो' असं सांगतो. मग माणसांच्या दवाखान्यात का सांगत नाहीत, हा रानजाईंचा प्रश्न मला अगदी पटला.

वारणाकाठ
कावीळ राहिली. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ई ची मोठी साथ आली होती, तेव्हा मी तिथेच होतो. इतरांना ही कावीळ आपोआप बरी होते. शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला मात्र यकृत निकामी होऊन जीव जाऊ शकतो. साथींमध्ये अशा बायकांचं मृत्यूचं प्रमाण २०-२५ टक्क्यांपर्यंत गेलेलं आहे. पावसाळ्यात गरोदर बाईला उकळलेलं पाणीच द्या, आणि डोळे पिवळे दिसले तर झाडपाला, माळ, उतारा यात एक दिवसही घालवू नका.

रानजाई
सगळ्यांचे आभार. परत माझ्या प्रश्नाकडे येते. जावेच्या डॉक्टरांनी आता टॉर्च टेस्ट (गरोदरपणात बाळाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी) सांगितली होती. रिपोर्ट आलाय. रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह, सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह, बाकी सगळं निगेटिव्ह. घरात सगळे म्हणतायत, सापडलं कारण, हाच तो विषाणू. औषधही चालू करायचं म्हणतायत. हे बरोबर आहे का?

पॅराफिन
नाही, आणि हे जरा ठळकपणे सांगतो. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे तो संसर्ग पूर्वी कधीतरी होऊन गेलाय किंवा लस घेतलीय. रुबेलाचं आयजीजी तर असायलाच हवं, ते संरक्षण आहे. सीएमव्हीचं आयजीजी आपल्याकडच्या बहुतेक बायकांमध्ये सापडेल. ताज्या संसर्गात दिसणारं आयजीएमही निगेटिव्ह आहे. नुसत्या या कागदावरून बाळ कशाने गेलं ते ठरवता येत नाही, आणि उपचार तर अजिबात नाही. टॉर्चचा कागद बघून वर्षानुवर्षं औषधं घेत राहिलेल्या बायका मी पाहिल्यात.

पहिल्या तिमाहीत तिचं रक्त घेतलं असेल तर त्या लॅबला विचारा, काही लॅब सीरम काही काळ जपून ठेवतात. तेव्हा सीएमव्ही आयजीजी निगेटिव्ह आणि आता पॉझिटिव्ह निघालं तर संसर्ग गरोदरपणात झाला हे कळेल. कोविडचं आता रक्तावरून सांगणं अवघड आहे. विषाणूखेरीज बाकी कारणंही बघायला हवीत. साखर, थायरॉइड, आणि रक्ताच्या गाठी होण्याशी संबंधित अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं. ही शेवटची तपासणी बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा करायची असते.

पुढच्या गरोदरपणाआधी अशा केसेस पाहणाऱ्या तज्ज्ञाला एकदा दाखवा. कोविड आणि फ्लूची लस घेतलेली असू दे. आणि प्रसूती कशीही होवो, वार पाठवायचीच, असं तिच्या फाइलवर आधीच लिहून ठेवा.

मधला_बाक
पॅराफिन, तुम्ही सांगितलेली यादी पटली. थोडेच असतील तर ते जमायला हवं. आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट नाही, तिथून पाठवायचं झालं तर कसं करतात?

डब्लिनवासी
मी भारतात असताना जिल्हा रुग्णालयात काम केलंय, तिथली पद्धत सांगते. रुंद तोंडाचा झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यायचा, वार घडी न करता मावेल एवढा. वार आणि नाळ दोन्ही पाठवायचं, आणि आवरणं फाडून टाकायची नाहीत. १० टक्के फॉर्मालिन वार पूर्ण बुडून वर राहील इतकं भरपूर ओतायचं. विषाणूची पीसीआर करायची असेल तर फॉर्मालिन घालण्याआधी एक छोटा तुकडा वेगळ्या निर्जंतुक बाटलीत काढून बर्फावर पाठवायचा. फॉर्मालिन लगेच नसेल तर वार बंद डब्यात फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची, एक-दोन दिवस चालते. फ्रीझरमध्ये मात्र कधीच नाही, पेशी फुटतात आणि मग काही वाचता येत नाही. डब्यावर आईचं नाव, तारीख, किती आठवडे, आणि फॉर्मवर ताप कधी आला होता ते स्पष्ट लिहायचं. 'मृतजन्म' एवढंच लिहिलेला फॉर्म आला की पॅथॉलॉजिस्टला काय शोधायचं ते कळत नाही.

पॅराफिन
शंभर टक्के सहमत. आणि रिपोर्ट आल्यावर पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले वारेचे तुकडे) लॅबकडे राहतात, तेही विचारून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवं असेल तर त्याच ब्लॉकवरून नव्या काचा करता येतात.

रानजाई
हे सगळं कागदावर उतरवून घेतलंय. जाऊ म्हणाली, पहिल्या लॅबला उद्याच फोन करते. काय निघालं ते इथे लिहीन.